मागच्या रांगेतून

प्रिय उस्ताद,

घरात तुम्ही ‘अहो’ आणि कामावर ‘उस्ताद’. हे पत्र कामाचं आहे, म्हणून उस्ताद. एका घरात राहून बायको नवऱ्याला पत्र लिहिते म्हणजे हिचं डोकं फिरलंय, असं म्हणाल. म्हणा. तोंडाने सांगायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितेय.

तुम्ही मला पहिल्यांदा कामावर नेलंत ते आठवतं? तुम्ही शिडीवर, प्रोजेक्टरच्या पडद्याची लांबलचक पेटी भिंतीला लावताय, आणि मी पार मागच्या रांगेत रिमोट घेऊन उभी. मोटर घरघरली, पांढरा पडदा सरसर उतरला आणि मी कौतुकाने म्हणाले, छान दिसतोय. तुम्ही वरूनच झापलंत, “छान नको, सरळ आहे का ते सांग. शिडीवरच्याला आपलं काम दिसत नाही. मागे उभा असतो त्याने खरं बोलायचं.” तेव्हापासून तुम्ही विचारायचं आणि मी सांगायचं. डावीकडे केसभर वर घ्या. आता बस्स. आपण भांडलो, अबोले धरले, पण कामावर मी तुम्हाला कधी खोटं सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये सांगितलं. पडदा उतरला तेव्हा त्याची खालची दांडी उजवीकडे चांगली चार बोटं कलली होती. तुम्ही विचारलंत, “सरळ आहे ना?” तुमचा चेहरा बघून माझी जीभच रेटेना. सरळ आहे म्हणाले. तुम्ही पायाने एकेक पायरी चाचपत खाली आलात, खुशीत होतात.

मला कधीपासून कळलंय म्हणून सांगू? पेपरात हल्ली वाचण्यासारखं काही नसतं, असं तुम्ही म्हणायला लागलात तेव्हापासून. पेटी सरळ बसलीय का ते दाखवणाऱ्या लेव्हलमधला बुडबुडा मला बघायला लावायचात आणि वर इथे उजेडच नाही म्हणून कुरकुर करायचात. माझ्याशी बोलताना तुमची नजर माझ्या कानाकडे असते. आधी वाटलं, स्वारी रागावलीय. मग तुम्ही एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलात आणि नंबर वाढलाय म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी गेले. मला ठाऊकच असेल अशा समजुतीने त्यांनी सगळं सांगितलं. नजरेचा मधला भाग पुसट होत चाललाय, गेलं ते परत येणार नाही. येताना रस्ताभर रडले. घरी आले तर तुम्ही माझ्यासाठी चहा ओतून ठेवला होता. निम्मा ओट्यावर सांडला होता आणि मी बघायच्या आत तो पुसायची तुमची धडपड चालली होती. मी चपला काढायला मुद्दाम वेळ लावला.

मग शिंपिणीकडे जाते सांगून मी त्या शाळेत गेले. शिपायाने शिडी धरली. वर चढून पेटी सैल करून उजवी बाजू उचलली आणि पडदा सरळ केला. तिथे भिंतीत तुम्ही चुकून पाडलेली भोकं दिसली. एक भोक विजेच्या वायरला अगदी चाटून गेलं होतं. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. डोळ्यांचं व्हायचं ते होईल, पण तुम्ही मला हवे आहात.

म्हणून हे पत्र. भिंतीवर खुणा करायच्या आपल्या जाड मार्करने, एका ओळीत दोन-तीनच शब्द मावतील एवढ्या अक्षरांत लिहिलंय, म्हणजे कुणाकडून वाचून घ्यायची पाळी तुमच्यावर येणार नाही. खिडकीपाशी न्या, मान तिरकी करा आणि तुमचं तुम्ही वाचा. उद्या वाचनालयाचं काम आहे. शिडीवर मी चढणार. तुम्ही मागच्या रांगेत रिमोट घेऊन उभे राहा. मोटर नीट चालतेय का ते तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळतं. मी वरून विचारेन, सरळ आहे ना? तेव्हा माझ्यासारखं करू नका. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. मी खाली येईन, तुमच्या शेजारी उभी राहून बघेन आणि पुन्हा वर चढेन.

तुमचीच,
मागच्या रांगेतली