दार नसलेला खेळ

३ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

तू बनवलेला कॉम्प्युटरवरचा खेळ पाहिला. भिंती, वळणं, पुन्हा भिंती. वर पाटी: 'मन हाच भूलभुलैया.' मन बिन काही नाही. गोष्ट सुचली नाही की आमचे दिग्दर्शकही भूलभुलैयाच मागतात. जन्मभर सिनेमाचे सेट बांधले. प्लायवुडच्या तीन वळणांत भले भले नायक हरवले. बाहेरचं दार मी कधी बांधलं नाही. नट दमला की 'कट' म्हणायचं, सगळे चहाला मोकळे. तुझ्या खेळात 'कट' कोण म्हणणार?

तुझी आई रोज दुपारी कॉम्प्युटरसमोर बसते. डोळे लाल होईपर्यंत त्या भिंतींतून हिंडते. मी हटकलं तर म्हणाली, पोरीने शेवटी माझ्यासाठी काहीतरी ठेवलं असेल. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. दार कुठे आहे ते कळव.

लोभ खेळाइतकाच घरावरही असू दे.

मामा

९ मार्च

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

दार नाही. मुद्दामच नाही. सुटका हा तुमच्या सिनेमाचा स्वस्त माल. बाहेर पडता न येणं हाच इथे आशय आहे. स्पर्धेच्या परीक्षकांनी नेमकं तेच वाखाणलं. प्लायवुडवाल्यांना ते कळावं असा माझा आग्रह नाही. आईला म्हणावं, बंद कर.

राग असला तरी लोभ असावा.

ठमी

१४ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

आशय म्हणे! बाहेर पडता येत नाही त्याला कोंडवाडा म्हणतात. तो बांधायला अक्कल लागत नाही.

दार नाही, हे तिला सांगितलं. हसली. म्हणाली, माझी पोर इतकी कोडगी नाही, मलाच सापडत नसेल. आणि पुन्हा बसली. आता तूच निस्तर.

आशीर्वाद आहेतच, नाइलाजाने.

मामा

२२ मार्च

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

आशय गेला चुलीत. दार केलं. आईला सांगू नका, तिचं तिला सापडू दे. आणि तुम्ही मिशीला पीळ देऊ नका.

लोभ आहेच, वाढवायची घाई नाही.

ठमी

२ एप्रिल

चि. ठमीस,
अ. आ.

दार सापडलं. बाहेर ओसाड मैदान आणि 'खेळल्याबद्दल आभार' एवढी अक्षरं. परक्या माणसाला म्हणावं तसं. एवढ्यासाठी मला वणवण फिरवलंस?

खेळ मी पुसून टाकला. दुपारची आता रिकामीच असते. यायचं तर तू ये. मी शोधत बसणार नाही.

आशीर्वाद, हवे असोत वा नसोत.

आई