रक्तातली सूज

३ मार्च
रक्ततपासणीत सीआरपीचा, म्हणजे आतल्या सुजेचा, आकडा सात पूर्णांक आठ. हवा होता तीनच्या आत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही सूज पायावर दिसते तशी नाही. रक्तवाहिन्यांच्या आत धुमसत असते. हृदयाचा धोका वाढतो तो त्यामुळेही." वजन ब्याण्णव, ते ठाऊकच होतं. पण आत असं काही चाललंय हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. दादा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. मला सत्तेचाळीस चालू आहे. दवाखान्याच्या बारा आठवड्यांच्या आहार-प्रयोगात नाव घातलं. सही केली — भीतीने कमी, उत्साहाने जास्त.

५ मार्च
डाळी, कडधान्यं, भाज्या, मूठभर अक्रोड. तळण बंद, साखर बंद. आणि मी कारखान्याच्या कँटीनमधली स्वयंपाकीण! दिवसभर कढईपाशी. चव बघायचं काम मदतनीस बाईंवर सोपवलं. त्या भलत्याच खूश.

११ मार्च
ताईला फोन केला. ती माझ्याहून जाड. म्हटलं, तूही ये. "नको गं बाई. मागे एका डॉक्टरने सगळ्यांदेखत विचारलं होतं, दिवसातून किती वेळा खाता? लोक हसले. पुन्हा नाही जायची मी." तीन वर्षं झाली, कुठल्याच दवाखान्याची पायरी चढलेली नाही.

२ एप्रिल
घसरले. साहेबांच्या वाढदिवसाचा केक, दोन तुकडे. बरं, तिसरा अर्धा.

२० एप्रिल
कँटीनचा जिना एका दमात चढले. वर पोचल्यावर गाणं गुणगुणत होते म्हणे — मला पत्ताच नाही!

२८ मे
वजन फक्त तीन किलो उतरलं. माझं तोंडच पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काट्याकडे नका बघू, इकडे बघा," आणि कागद पुढे सरकवला. दोन पूर्णांक सहा! "धोका संपला असं नाही हं. पण गाडी रुळावर आली." ऐकायला मी शुद्धीवर कुठे होते! घरी यांनी कागद तीनदा वाचला, चष्मा पुसून परत एकदा. ताईला फोटो पाठवला. तिने बघितला.

२ जून
डॉक्टरीणबाई म्हणतात, प्रयोगाच्या नव्या गटापुढे दोन शब्द बोला. मी! हसू आवरत नाहीये.

४ जून
बोलायला उभी राहिले. पहिल्याच रांगेत ताई, रक्त तपासायला द्यायला एक बाही कोपराच्या वर सरकवून बसलेली.