झाकणाच्या आतली खूण

देटे, ५ जून १९९७

चि. भेकिम्पिलो यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार.

तुझं पत्र गार्ड त्शुमांनी काल हातात दिलं. महिनाभर बंद गाडीच्या डब्यात पडून होतं म्हणे. तू रेल्वेत फिटर, आणि तुझंच पत्र रेल्वेत अडकतं!

आईच्या डोळ्यांचं ठरलं. ऑपरेशन करणारे डॉक्टर वर्षातून एकदाच बुलावायोला येतात. गुरुवारी, १९ तारखेला, दुपारी बाराच्या आत ती तिथे हजर हवी. चुकली तर पुढच्या जूनपर्यंत थांबा, आणि तोवर उरलेला डोळाही जाईल असं इथली नर्स म्हणते. परवा आईने शाळेच्या शिपायाला माझा नवरा समजून अर्धा तास झापलं. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. आम्ही हसलो, पण मला रात्री जेवण गेलं नाही.

कंबरेमुळे तिला बसमध्ये बसवत नाही. शिवाय इंजिन ड्रायव्हरची बायको बसने गेली तर बाबा थडग्यातून उठून बसतील, असं तिचं म्हणणं. तेव्हा तू न्यायला ये. तुमची ती भाड्याची निळी इंजिनं तरी धड चालतात ना?

माया आहे, म्हणून रागावते.
तुझी ताई,
लोझिन्दाबा

बुलावायो, १० जून १९९७

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

मंगळवारी येतो, बुधवारच्या गाडीने आईला घेऊन निघतो. तिला म्हणावं, गाठोडी दोनच. खायच्या वाळवलेल्या मोपानी अळ्यांचं तिसरं चालेल.

इंजिनांचं विचारू नकोस. आमची स्वतःची यार्डात गवतात उभी आहेत, कुणाला चाकं नाहीत, कुणाला पोट नाही. भाड्याच्या इंजिनांना आम्ही हात लावायचा नाही, असा करार. झाकणाला मालकाचं शिशाचं सील असतं. मागच्या महिन्यात एकाचं डिझेलचं गाळणं तुंबलं. पंधरा मिनिटांचं काम, ताई! बावीस वर्षं हेच करतोय. पण चार दिवस आम्ही त्याच्याभोवती मयताला बसल्यासारखे बसलो. पाचव्या दिवशी सीमेवरच्या लिम्पोपो नदीपलीकडून मालकाचा माणूस आला, त्याने सील तोडलं आणि माझ्याकडेच पाना मागितला. मी दिला. वर चहाही पाजला.

धपाटा आल्यावर घेईन.
तुझा,
भेकी

बुलावायो, २२ जून १९९७

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

आईचं ऑपरेशन झालं, हे आधी वाच. आता बाकीचं.

गाडी किती उशिरा सुटली ते तू पाहिलंसच. गुरुवारी सकाळी सातला सॉमिल्स स्टेशनला इंजिन बंद पडलं. आई घोंगडीत गुरफटून बसली होती. तिने कान टवकारले आणि म्हणाली, की तीनदा खोकून सुस्कारा टाकला, हे तुझ्या बापाचं इंजिन आहे. मी म्हटलं, आई, बाबांचं चार वर्षांपूर्वी भंगारात गेलं, हे परदेशी कंपनीचं आहे. तर म्हणते, माणूस कपडे बदलतो, खोकला बदलत नाही. जा, गाळणं बघ. फिटर आहेस की फेरीवाला?

ड्रायव्हर सिबांडाने वायरलेसवर विचारलं. मालकाचा माणूस शनिवारी येईल, असं उत्तर आलं. सिबांडाने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग म्हणाला, की मी झुडपामागे जाऊन येतो, आणि आज मला जरा वेळच लागेल.

मी सील तोडलं.

गाळणंच होतं. अठरा मिनिटं लागली. झाकण लावताना बोटांना आतल्या बाजूला, निळ्या रंगाखाली, काहीतरी खडबडीत लागलं. लोखंडी टोच्याने ठोकलेले ठिपके. एक ‘ल’, एक ‘भ’, आणि एक फुली. तू, मी, आणि आपली जगली नाही ती धाकटी बहीण. तेव्हा प्रत्येक ड्रायव्हरला एकच इंजिन असे, आणि झाकणाच्या आत ते पोरांच्या खुणा ठोकत. बाबा हे सांगायचे तेव्हा थाप मारतात असं आपल्याला वाटायचं. आठवतं?

भंगार म्हणून आपल्याच रेल्वेने विकलं, या कंपनीने रंगवलं, आणि आता भाड्याने आपल्यालाच दिलं. मी तिथेच खडीवर बसलो. आईने खिडकीतून ओरडून विचारलं, की झोपलास का रे?

अकरा पस्तीसला पोचलो. मला कामावरून दूर ठेवलंय. चौकशी ४ जुलैला.

भेकी

देटे, २९ जून १९९७

चि. भेकी,
आशीर्वाद.

हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. सील तुटलं म्हणून कंपनीने इंजिन परत मागितलंय, आणि आठवडाभर गाडीच आली नाही. स्टेशनवर लोक मला विचारतात, तुझ्या भावाने काय केलं? मी काय सांगू?

माझं ऐक. चूक झाली, माफी असावी, असं लिहून दे. तीन पोरं शाळेत आहेत तुझी. बाबांच्या खुणेने फी भरत नाहीत. तू केलंस ते बरोबरच होतं, म्हणूनच तर इतकी चिडले आहे.

सांभाळ स्वतःला.
ताई

बुलावायो, ५ जुलै १९९७

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

आईची पट्टी सुटली. तिला दिसतं. पहिल्यांदा तिने मला म्हातारा झालास म्हटलं, मग इंजिन बघायचा हट्ट धरला. सीमेपलीकडे न्यायला ते यार्डात मालगाडीला जोडून ठेवलं होतं. पहारेकरी जुना ओळखीचा, त्याने फाटक उघडलं. झाकणाला नवं सील होतं, म्हणून खुणा काही दाखवता आल्या नाहीत. ती बराच वेळ बघत उभी राहिली. निळा रंग अगदी घाणेरडा आहे म्हणाली, आणि डोक्याच्या रुमालाने पायरी पुसली, बाबा चढायचे ती. दुपारी ते गेलं.

चौकशी कालच झाली. साहेब वाईट नाहीत. त्यांनी कागद पुढे केला आणि हळूच सांगितलं, की हो लिही, खाली माफी लिही, महिन्याभरात कामावर येशील. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी माफी लिहायचं ठरवूनच गेलो होतो, ताई, खरंच.

पण प्रश्न असा होता: दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावला का?

मी ‘नाही’ लिहिलं.

नोकरी गेली. आता धपाटा घ्यायला सगळ्यांना घेऊन तिकडेच येतो. बसने. आईला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तुझा,
भेकी