माया संपली, बाई

४ जानेवारी, शनिवार

माया संपली म्हणे!

उत्तम मास्तरांनी माझा नारायणपेठीवरचा ब्लाउज उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि दुकानातल्या झाडून सगळ्या बायकांसमोर जाहीर केलं – "बाई, आता माया संपली. शेवटची होती ती दिवाळीत सोडली." शिवणीच्या आत पुढच्या सोयीसाठी राखलेलं दोन बोटं कापड. त्याला माया म्हणतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण ती संपू शकते, आणि माझी संपू शकते, हे आज कळलं! म्हणजे इतकी वर्षं मी फुगत होते आणि हा गृहस्थ गुपचूप सोडत होता.

"आता एक तर नवा शिवा, नाहीतर..." पुढचं बोलले नाहीत. शहाणे आहेत.

उद्या कल्याणला नणंदेच्या मुलीचा साखरपुडा. शाल पांघरून बसेन. लग्न एप्रिलअखेर – तेव्हा शाल कुठून पांघरू?

प्रभाकर म्हणाला, "मला तर तू होतीस तेवढीच दिसतेस." कंपवाताने नवऱ्याचे हात थरथरतात, पण खोटं बोलताना जीभ मुळीच थरथरत नाही.

७ जानेवारी, मंगळवार

गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे गेले. आमच्या सिद्धेशपेक्षा लहान पोरगा. मला "आजी" म्हणाला! मी इंग्रजीतून सांगितलं, की मला मिसेस कारखानीस म्हटलेलं चालेल. तर हसला, आणि आठ किलो उतरवा म्हणाला. नाहीतर गुडघे बदला.

गुडघे बदलायला मी जाऊन पडले तर प्रभाकरचं कोण करणार? अंघोळ, बटणं, खुर्चीतून उठवणं – सगळं माझ्या हातचं.

तेव्हा आजपासून या घरात भात, तूप, साखर, बटाटा बंद. दुधी, पालक, नाचणीची भाकरी. दोन-दोन स्वयंपाक करायला मी खानावळ उघडलेली नाही. प्रभाकरला विचारलं. "चालेल," म्हणाला. त्याला सगळं चालतं.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ आला तसा सगळा गोविंदाला दिला. बिल्डिंगचा वॉचमन – आमच्या दारातच उभा राहून खाल्ला त्याने, बोटं चोखत!

२६ जानेवारी, रविवार

अडीच किलो उतरले!! काटा दोनदा झटकून पाहिला.

रोज सकाळी उपवन तळ्याला फेऱ्या. झपाझप. सिस्टर फिलोमिना आम्हाला शाळेत सांगायच्या, सभ्य मुलीला घाम येत नाही. सिस्टर, मला आता धारा लागतात आणि मी त्या पदराला पुसते. बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात याला कार्डिओ म्हणायचं. मी चालणं म्हणते. फोनवर एक डॉक्टर सांगतो, चाला, वजन जाईल. लगेच खाली दुसरा येतो – चालून काही होत नाही, वजनं उचला. वजन घालवायला वजन उचलायचं! या लोकांना पदव्या कोण देतं?

३ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दुधी करपला.

दुपारी दुधी गॅसवर होता आणि आतून धप्प असा आवाज. प्रभाकर पलंगाच्या कडेवरून घसरून फरशीवर. लागलं नाही कुठे, देवाची कृपा. काखेत हात घालून ओढलं – जागचा हलला नाही. पुन्हा ओढलं. माझेच पाय लटपटले. हेच पाय! रोज तळ्याला फेऱ्या मारतात, आणि नवऱ्याला वीतभर उचलताना लोण्यासारखे झाले! तिसऱ्या खेपेला मीच त्याच्या शेजारी बसकण मारली.

"पिकनिकला आलोय असं समज," प्रभाकर म्हणाला. दुधी करपल्याचा वास येत होता आणि हा माणूस विनोद करत होता.

शेवटी खिडकीतून गोविंदाला हाक मारली. त्याने गॅसचा सिलिंडर उचलावा तसं प्रभाकरला उचललं आणि पलंगावर ठेवलं. "वजनदार हाय साहेब," म्हणाला. प्रभाकर नंतर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

गोविंदाने सिद्धेशला फोन केला! माझ्या मुलाला! माझ्या मागे!

सिद्धेश डोंबिवलीहून अर्धी रजा टाकून आला. हातात रंगीत माहितीपत्रक. कल्याणच्या पुढे, मुरबाड रस्त्याला, "ज्येष्ठांसाठी निसर्गरम्य निवास". मुखपृष्ठावर म्हातारी माणसं टाळ्या वाजवताहेत. कशासाठी वाजवताहेत कळत नाही. इंग्रजीत दोन चुका. मी बसल्या बसल्या लाल पेनने दुरुस्त केल्या.

"आई, विषय बदलू नकोस. बाबा परत पडले तर?"

"तर उचलीन."

"परवा उचललंस?"

मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तो म्हणाला, एप्रिलचं लग्न होईपर्यंत थांबतो. मेपासून बाबांसाठी तिथे खोली घेऊ. "तू माझ्याकडे ये. प्राचीने तुझ्यासाठी कपाट रिकामं केलंय." कपाट! म्हणजे मी डोंबिवलीत सुनेच्या कपाटासमोर आणि प्रभाकर मुरबाड रस्त्याला टाळ्या वाजवत.

हे सगळं प्रभाकरच्या देखत चाललं होतं. सिद्धेश गेल्यावर म्हणाला, "मुलगा चुकीचं काही बोलत नाहीये, कुमुद."

एवढंच. मला लाटणं फेकून मारावंसं वाटलं. दोघांनाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

मी आज जिममध्ये गेले. लिहिताना मलाच खरं वाटत नाही.

मागच्या गल्लीत आहे – आई एकवीरा फिटनेस. दारात देवीचा फोटो, आत छातीत धडधडणारी गाणी. मालकीण करिश्मा. इथलीच, आगऱ्यांची मुलगी. या बिल्डिंगी ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिथे तिच्या आजोबांची भातशेती होती. पोपटी घट्ट विजार आणि गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची चेन. त्या विजारीबद्दल मी काही लिहिणार नाही. डोळे कुठे ठेवायचे म्हणून मी देवीकडे पाहत होते.

"या काकी! वजन उतरवायचंय ना? तुम्हाला रोज तळ्यावर पळताना बघते मी."

"पळत नाही. चालते. मला एक माणूस उचलायचा आहे."

तिने भुवया उंचावल्या. "किडनॅप करताय काय?"

सांगितलं मग सगळं. हसायची थांबली. म्हणाली, "चालणं सोडू नका, काकी. पण नुसतं चालून, वर उपाशी राहून वजन जातं ना, त्यात चरबीसोबत अंगातलं बळ पण जातं. काट्याला काय कळतंय काय गेलं ते? माझी आजी मिठागरात डोक्यावर टोपल्या वाहायची. तिचे गुडघे कधी दुखले नाय."

"तुझ्या आजीला कधी कोणी विचारलं होतं?"

तिने वहीत माझं नाव लिहिलं आणि म्हणाली, "सोमवारपासून या. साडी नको."

साडी नको!!

२० फेब्रुवारी, गुरुवार

पंजाबी ड्रेस आणि बूट. मांड्या अशा धरल्या आहेत की कमोडवर बसताना आजोळचे सगळे देव आठवतात.

खुर्चीत बसून उठायचं. हात न टेकता. मग हातात वजन घेऊन उठायचं. मग जमिनीवरची, वजनं लावलेली दांडी उचलायची – पाठ ताठ, जोर पायात. पाठ ताठ मला शिकवावी लागली नाही. सिस्टर फिलोमिनांनी पट्टीने शिकवून ठेवली आहे. करिश्मा थक्क! "काकी, तुमची पोझिशन तर एक नंबर." ऐकून बरं वाटलं, का लपवू?

या प्रकाराला डेडलिफ्ट म्हणतात. प्रभाकरला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे माझीच तयारी." त्याच्यावर डोळे वटारले. मग दोघंही हसलो.

काटा मात्र जागच्या जागी. करिश्मा म्हणते, काट्याकडे बघू नका. मग काय पंचांगात बघू?

१२ मार्च, बुधवार

वजन वाढलं! थोडंसं, पण वाढलं! इतका दुधी खाऊन! भाकरीला तूप नाही, चहात साखर नाही, आणि वाढलं! तडक जिममध्ये जाऊन करिश्माला फैलावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "काकी, आज पायऱ्या कशा चढलात?"

जिमचे दोन मजले. कठडा न धरता. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

काय म्हणावं आता? वजन उतरत होतं तेव्हा मला माणूस उचलवेना, आणि आता अंगात जोर येतोय तर काटा हटून बसलाय. शाळेत आम्हाला उलटंच काहीतरी शिकवलं असणार.

रात्री प्रभाकरने अर्धी भाकरी ठेवली. "पोट भरलं." पूर्वी चौथी मागायचा. मी ती उरलेली खाल्ली नाही – शिस्त म्हणजे शिस्त!

३० मार्च, रविवार

पाडवा. सिद्धेश-प्राचीने श्रीखंडाचा डबा पाठवला. मी सगळं श्रीखंड काढून शेजारी दिलं. वळून पाहते तर प्रभाकर डब्याचं झाकण चाटतोय! थरथरत्या हाताने नाकाला लावून घेतलेलं. वय वर्षं त्र्याहत्तर! "लाज वाटते का?" म्हटलं. म्हणाला, "सण आहे गं."

झाकण काढून घेतलं आणि धुऊन टाकलं.

९ एप्रिल, बुधवार

उचलला!!!

न्हाणीघराच्या दाराशी प्रभाकरचा पाय अडकला आणि तो चौकटीला धरून हळूहळू खाली बसला. मी धावले नाही. करिश्मा म्हणते, घाईत पाठ जाते. आधी त्याला गुडघ्यांवर आणलं, समोर खुर्ची ठेवली, हात तिच्यावर. मागून कमरेशी पंचा बांधून दोन्ही टोकं धरली. पाठ ताठ. जोर पायात. "चल रे," म्हटलं – आणि आला की वर! पिसासारखा! मला वाटलं होतं दम लागेल, डोळ्यांपुढे काजवे चमकतील. छे! दांडी याहून जड असते.

खुर्चीत बसल्यावर त्याने माझ्या दंडाला बोट लावून पाहिलं. "बाईसाहेब, तुम्ही कोण?"

पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लोकांचे कॉल जोडले, बढत्या घेतल्या, निरोपाच्या दिवशी चांदीची वाटी मिळाली. पण आजच्यासारखं कधी वाटलं नव्हतं. करिश्माला फोन केला तर ती फोनवर किंचाळली.

१२ एप्रिल, शनिवार

सिद्धेशला मुद्दाम बोलावलं. जमिनीवर गादी घातली, प्रभाकरला तिच्यावर बसवलं.

"पाडणार आहेस का मला?" प्रभाकर.

"तू गप्प बस. सिद्धेश, बघ."

खुर्ची, पंचा, पाठ ताठ – एका दमात वर. सिद्धेशने खिशातून फोन काढला. मला वाटलं व्हिडिओ काढतोय. तर त्या निसर्गरम्य लोकांना फोन लावला, आणि माझ्यासमोर सांगितलं, खोली नको. या वेळी मी त्याला पाणी विचारलं.

जाताना प्रभाकरच्या खांद्यावर हात ठेवला त्याने आणि जरा घुटमळला. "बाबा, जेवता ना नीट?"

"एकदम पौष्टिक," प्रभाकर म्हणाला.

आता लग्नाला मान वर करून जायचं. प्रभाकरला पॅन्ट घालेन. हल्ली घरात कायम नाडीचा लेंगा. ती राखाडी पॅन्ट दिवाळीनंतर काढलीच नाही. ती आणि माझा ब्लाउज, दोन्ही मास्तरांकडे नेईन.

१५ एप्रिल, मंगळवार

पॅन्ट घालून पाहिली तर हात सोडताच घोट्याशी. जुनी झाली, सैल पडली असेल म्हणून कमरेला खडूची खूण करून नेली. मास्तरांनी खडूची खूण पाहिली, मग माझ्याकडे. "कंबर पाच इंच आत घ्यावी लागेल, बाई. साहेब आजारी होते का?"

"छे हो! डाएट तर मी करते आहे..."

मी बोलले, आणि तिथेच स्टुलावर बसले.

एकच स्वयंपाक. माझा काटा हलला नाही. आणि तो – पिसासारखा.

मास्तर म्हणाले, "माया फार राहील आत. टोचेल. कापून टाकू?"

"कात्री लावाल तर खबरदार! पुन्हा सोडायची आहे ती."

घरी येऊन भात लावला. वरण, वर तुपाची धार. प्रभाकरने ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"कोणी येणार आहे का?"

करिश्माला कळवलं – उद्यापासून दांडीवरचं वजन वाढव.