वीतभर डावीकडे

तीर्थरूप ताईस,

कंबर धरल्यामुळे उभ्याउभ्याच नमस्कार. भावोजींचा खोकला थांबला का? (नसला तरी सविस्तर लिहू नकोस, वाचायचंही त्राण नाही.)

बाबांनी तुझ्याकडे राहायला यावं म्हणून आपण वर्षभर डोकेफोड केली. शेवटी त्यांनी अट घातली. आजोबांची शिकारीची रायफल साफ करून आणायची, ते एकच गोळी झाडणार. "चुकली तर मुकाट्यानं बॅग भरतो. लागली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." ब्याऐंशी वर्षांचा माणूस, चहाचा कप धरला तरी हात थरथरतो. मी ताबडतोब हो म्हटलं.

नळीत बाबांनीच कधीकाळी ग्रीस भरून ठेवलं होतं, त्याचा दगड झालेला. गजाला चिंधी गुंडाळून आत सारली, ती गजासकट अडकली. गज ओढायला मी आणि नळी धरायला तुझी भावजय (ती अजून माझ्याशी बोलत नाही). शेवटी बंदुकांच्या कारागिराचे पाय धरले. त्यानं चार दिवसांनी नेमबाजीच्या मैदानावर चाचणी घेतली. रायफल बाकाला आवळली, चापाला दोरी बांधली आणि भिंतीआडून ओढली. तिन्ही गोळ्या वीतभर डावीकडे! "टोकावरचा नेम धरायचा खुंट वाकलाय, साहेब. पाच मिनिटांत सरळ करतो." मी म्हटलं, राहू दे. (हो, जन्मदात्याशी असा वागलो. पण ताई, ते रोज पहाटे चारला मला उठवतात, मी नीट झोपलोय ना हे विचारायला.)

रविवारी बाबांना नेलं. त्यांनी रायफल खांद्याला लावली आणि ऐनवेळी माझा जीव कासावीस झाला. थांबा म्हणणार, तोच बार उडाला. गोळी बरोबर मधोमध! "खुंट वाकडा आहे तिचा," बाबा म्हणाले. "लहानपणी माझ्याच हातून पडली होती. तुझ्या आजोबांना कधी कळू दिलं नाही. वीतभर उजवीकडे धरायची, झालं." मला लाज वाटली आणि आनंदही झाला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

तर बाबा इथेच राहतील.

तुझा दमलेला धाकटा भाऊ

ता. क. दणक्यानं त्यांचा खांदा काळानिळा झालाय. दारात येईल त्याला सदरा उतरवून दाखवतात.

ता. क. २. त्यांच्यासाठी रंगवलेली खोली कुणाला देऊ नकोस. शुक्रवारी मी येतोय, आठ दिवस नुसता झोपायला. बाबांना भीतभीत विचारलं, तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जा बाळा. मी कधीचा बघतोय, तुला आता एकट्याला झेपत नाही."