भरलेल्या बॅटरीवरची हिरवी पट्टी

प्रिय बगळ्या,

हे पत्र तुला बॅटऱ्यांच्या खोक्यात सापडेल, सगळ्यांत वर, चार्जरच्या वायरीखाली. दचकू नकोस. कॅमेरे भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात आता तुला कुणी बगळ्या म्हणतं की नाही मला ठाऊक नाही, पण विचार करताना तू अजून एका पायावर उभा राहत असशील तर नाव लागू आहे. मी बरी आहे. थोडी वाळलेय, केस कापलेत, गुडघा जिने चढताना कुरकुर करतो. एक नवं काम दाराशी येऊन उभं आहे. बोटीतून बेटाबेटांवर हिंडायचं, परतायचं कधी ते कुणीच सांगत नाही. त्यांना दोन कॅमेरा असिस्टंट हवेत, एक मी. सोमवारी हो की नाही ते कळवायचंय. त्याआधी कालची गोष्ट तुला सांगायची आहे. दुसऱ्या कुणाला सांगितली तर हसतील. तू ऐकून गप्प बसशील, आणि मला तुझं ते गप्प बसणं हवंय.

सध्या आमचं शूटिंग एका काचघरात चाललंय. उंच, लोखंडी कमानींचं, आत नुसती झाडंच झाडं. काचांवर आतून वाफ धरते, त्यामुळे ऊन आत येताना दुधाळ होऊन येतं आणि माणसांच्या सावल्याच पडत नाहीत. सगळे आपोआप हळू बोलतात. पानांवरून थेंब पडत राहतात, आणि तासाभरात आपण कुठल्या कामासाठी आलो होतो तेच विसरायला होतं. तू असतास तर लेन्सवरची वाफ पुसता पुसता तिथेच झोपला असतास.

सिनेमात एक म्हातारी बाई आहे. युनिटमध्ये सगळे तिला मावशी म्हणतात. तिने झाडांमधून चालत यायचं, रिकाम्या खुर्चीपाशी थांबायचं आणि ज्याची वाट बघितली तो येणार नाही हे तिला कळायचं. एवढाच शॉट, पण सगळा सिनेमा त्यावर उभा. दुपार कलल्यावर छताच्या एका उघड्या झडपेतून थोडाच वेळ थेट ऊन त्या खुर्चीवर येतं. मावशींनी सकाळीच सांगून टाकलं होतं, ‘‘दोनदा जमेल मला. तिसऱ्यांदा नुसता अभिनय होईल.’’

पहिल्या टेकला मावशी चालत आल्या, थांबल्या, त्यांचा हात खुर्चीच्या पाठीकडे गेला आणि आमचा कॅमेरा बंद पडला. पडदा काळा. मावशींना कुणी सांगितलंच नाही, त्यांनी शॉट पुरा केला. काचघरातले सगळे रडत होते आणि मी काळ्या पडद्याकडे बघत होते. तो टेक कुठेच नाही, बगळ्या. आम्हा पंचवीस-तीस जणांच्या डोळ्यांत आहे तेवढाच.

मग माझी धावाधाव. बॅटरी बदलली, कॅमेरा सुरू झाला, तालमीतच पुन्हा मेला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आपला दोघांचा नियम मी मनात घोकत होते. बॅटरी अडकवायची मागची प्लेट बदलली. वायर बदलली. मग मॉनिटर काढला, फोकसची मोटर काढली, कारण सगळी मंडळी एकाच बॅटरीवर जेवतात आणि मोटर फिरली की एकदम मोठा घास घेते. कॅमेरा जरा जास्त टिकला, पण शेवटी मान टाकलीच. बॅटरीवरचे दिवे तर छान पेटलेले. पण जुनी बॅटरी नुसती बसून असताना विचारलं की भरलेलीच असते, कामाला जुंपली की खरं काय ते कळतं, हे मी तुला काय सांगणार! आणि गंमत म्हणजे ज्या बॅटऱ्या रिकाम्या समजून मी चार्जरवर चढवल्या, त्यांचा दिवा लावल्या लावल्या हिरवा. म्हटलं, आता चार्जरही गेला. कॅमेरावाल्या बाई उन्हाकडे बघत होत्या. ते खुर्चीच्या पायाशी आलं होतं.

चार्जरवरून बॅटरी ओढून काढली तेव्हा मला तिच्यावरची पट्टी दिसली. म्हणजे दिसत होती आधीपासूनच, बघितली तेव्हा. हिरवी, आणि एक टोक आत दुमडलेलं, हातमोज्यातल्या बोटालाही पटकन सोलता यावं म्हणून. पट्टीचं टोक असं दुमडणारी बाई जगात एकच, आणि त्यावरून तू मला चिकटपट्टी म्हणायला लागलास. खोकी प्रॉडक्शनने मागवलेली, कुठल्या दुकानातली ते मी विचारलं नव्हतं. विचारायची गरज राहिली नाही.

आठवतं ना? तळ्याकाठच्या त्या सिनेमात दोन युनिटं एकत्र केली होती. आमच्याकडे पट्टी म्हणजे भरलेली, सोलायची आणि लावायची. तुमच्याकडे पट्टी म्हणजे संपलेली, हात लावायचा नाही. पहिल्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की हा लंबू बरा दिसतोय, वाद नको, आपण याच्या पद्धतीने करू. तूही तेच ठरवलंस. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. तीन कॅमेरे एकामागून एक बंद पडले, धुक्यात सगळं युनिट आपल्या नावाने खडे फोडत होतं आणि तू एका पायावर उभा राहून म्हणालास, ‘‘मला वाटलं, तुला तसं बरं पडेल.’’ मी त्या वाक्याच्या प्रेमात पडले. तुझ्या नंतर पडले, आधी वाक्याच्या.

काल मी तुझ्या पद्धतीने काम करत होते. इतकी वर्षं करतेय, आता ती माझीच झालीय. पट्टीवाल्या बाजूला ठेवल्या आणि बिनपट्टीच्या, ज्या तुझ्याकडून चार्ज व्हायच्या राहिल्या होत्या, त्या कॅमेऱ्याला लावत बसले. आणि तू तिथे दुकानात बसून, मी या सिनेमात आहे हे माहीत नसताना, भरलेल्या प्रत्येक बॅटरीवर माझी पट्टी लावतोस. टोक दुमडून.

मी पट्टी सोलली, बॅटरी लावली. कॅमेरा जागा झाला आणि जागा राहिला. ऊन खुर्चीच्या हातावर होतं. मावशी आल्या, थांबल्या, आणि या वेळी त्यांनी हात खुर्चीकडे नेलाच नाही, फक्त तिच्याकडे बघून जराशा हसल्या. पहिल्यापेक्षा चांगलं की वाईट, कोण सांगणार? फोकस मी धरला होता, डोळे भरलेले असूनही तो सुटला नाही, हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रात्री खोलीवर आल्यावर मला आपण वेगळे झालो ती संध्याकाळ आठवली. तू दुकानातल्या नोकरीची बातमी घेऊन आलास, मी लांबच्या भटकंतीच्या कामाची. खिडक्यांच्या पडद्यांच्या दुकानापुढे रेंगाळायची ती मी. रेल्वेच्या नकाशापुढे तासन्‌तास उभा राहायचास तो तू. आणि नोकरी धरलीस तू, गाडी पकडली मी. तू खूश दिसलास म्हणून मी खूश दिसले. आपण एकमेकांचं अभिनंदन केलं, बगळ्या! भांडलो असतो तर निदान काही बोललो तरी असतो. तेव्हा मला वाटलं, हा थकला, याला आता एका जागी शांत राहायचंय, माझी पळापळ याला नको. तुला काय वाटलं ते मी कधी विचारलं नाही. काल ती हिरवी पट्टी हातात धरून पहिल्यांदा मनात आलं की मला बरं पडेल असंच तुला तेव्हाही वाटलं असेल.

म्हणून हे पत्र. उद्या ही खोकी तुझ्याकडे परत येतील. यातल्या एकाही बॅटरीवर मी पट्टी ठेवलेली नाही, तुझ्या पद्धतीने नाही आणि माझ्याही नाही. कोणती भरलेली, कोणती संपलेली, ते तुला मला फोन करून विचारावं लागेल. विचारशील तेव्हा मीही विचारीन, की मला काय बरं पडेल ते राहू दे, तुला काय हवंय? माझं मी आधीच सांगते. मला बेटं नकोत. मला एक खिडकी हवी, तिला पडदा हवा, आणि त्या घरात तू हवास. तुला बेटंच बघायची असतील तर तसं सांग, सोमवारी दोघांची नावं देते, पडदा बोटीच्या खिडकीला लावू. आणि मी नकोच असेन तर तेही सांग, ऐकून घेईन. फक्त माझ्यासाठी म्हणून काही ठरवू नकोस. फोन उशाशी ठेवलाय, पूर्ण चार्ज करून.

तुझीच,
चिकटपट्टी