शालूला लागलेलं मीठ

पनवेल,
५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रेवास,
शोभाताईचे अ. आ.

पार्सल मिळालं. अनारशांचा निम्मा चुरा झाला होता, तो चमच्याने खाल्ला. तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि मला मोबाईलवर टाईप करायचा कंटाळा, तेव्हा आपली जुनीच पद्धत बरी. एसटीच्या पार्सलात कपडा आणि कपड्यात पत्र.

शालू टेबलावर उलगडला आणि बराच वेळ नुसती बघत बसले. पस्तीस वर्षं घडीत राहूनही डाळिंबी रंग जरासुद्धा उतरलेला नाही. बाबांनी केवढ्या हौसेने आपल्या थोरल्या गोदूताईसाठी आणला होता. लग्नाला पाच दिवस उरले असताना ती मिठागराच्या बांधावरून घसरून पाण्यात गेली, आणि आईने हा ट्रंकेत टाकला तो कायमचा. आता तुझ्या भाविकाने तो लग्नात नेसावा हे मला आधी पटलं नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. पण रंग बघून मीही विरघळले.

भाविका रविवारी खारघरहून येऊन माप देऊन गेली. पोरगी पाच फूट सहा इंच. आपल्या बुटक्या घराण्यात हा विजेचा खांब कुठून आला देव जाणे. आजकालच्या मुलींना नऊवारी नेसता येत नाही, म्हणून काष्टा, निऱ्या सगळं शिवूनच देते. पायात चढवली, हूक लावला की झालं.

एक गोष्ट सांगते, हसू नकोस. नवरीच्या कपड्याला पहिली कात्री लावताना तिचं नाव मोठ्याने घ्यायचं, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. कपड्याला कळलं पाहिजे की कुणाच्या अंगावर जायचंय, असं त्या म्हणायच्या. तीस वर्षं मी ते पाळलं. काल कात्री उघडली, भाविकाचं नाव घ्यायचं होतं आणि तोंडातून गोदूताईचं गेलं. जीभ चावली, पण तोवर कात्री वीतभर पुढे गेली होती.

पोराबाळांना आशीर्वाद. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी,
शोभाताई


महाड,
९ नोव्हेंबर २०२४

ती. शोभाताईस,
रेवाचा सा. न.

तुझं पत्र वाचून हसले, सांगूनही ऐकलं नाही म्हणून रागावू नकोस. शालू तिचा, सतत डोळ्यांपुढे ती, मग नाव तिचंच येणार. चष्म्याचा नंबर वाढलाय तसा जिभेचाही वाढला असेल.

इकडे नुसती धावपळ आहे. अकरा डिसेंबरचा हॉल ह्यांनी पक्का केला. होणारे जावई प्रणितराव, त्यांच्या घरचे पळस्प्याला मोठमोठी गोदामं बाळगून आहेत, तरी बोलायला साधे. लग्नानंतर भाविकाने नोकरी करू नये एवढंच त्यांचं म्हणणं. ह्यांनी लगेच हो म्हणून टाकलं. भाविका काही बोलली नाही. हल्ली ती बोलतेच कमी. लाजत असेल, दुसरं काय.

गोदूताईचा शालू भाविका नेसणार हे मी सगळ्या नातेवाइकांना सांगून बसले आहे. तेव्हा माझी लाज आता तुझ्या सुईच्या टोकावर. तब्येतीला जप आणि लोभात कमी करू नकोस.

तुझी,
रेवा


पनवेल,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रेवास,
अ. आ.

काल पहिली ट्रायल झाली. नऊवारी भाविकाला चार इंच आखूड झाली.

तू म्हणशील, ताईने माप चुकवलं. मलाही तेच वाटलं. टेबलावर पसरून टेप लावला तर वहीत लिहिल्याबरहुकूम. पुन्हा तिला घालायला दिली, पुन्हा घोटे उघडे. खाली दुमडून ठेवलेला कपडा होता तो सगळा सोडला, शिवण घातली, चहा होईस्तोवर पुन्हा घालून बघितली. चार इंच आखूड. तीस वर्षांत हे हात असे कधी हरले नव्हते. भाविका आरशात बघत उभी होती, तिला हसूही येत नव्हतं.

आज सकाळी दुकान उघडलं तर हँगरवरच्या नऊवारीचा काठ ओला. वीतभर, सगळीकडून सारखा. वर छत कोरडं, खाली फरशी कोरडी. इस्त्री फिरवली तसं पाणी चुरचुरलं आणि मागे पांढरी रेघ उठली. मी बोट लावून जिभेला लावलं. मीठ होतं, रेवा. आपण मिठागरात वाढलेल्या, आपल्याला ती चव सांगायला कुणी लागत नाही.

गोदूताई पाच फूट दोन होती. हे मी उगीच लिहिते आहे असं समज. पण मला भीती वाटते आहे, आणि ती कपड्याची नाही, पोरीची वाटते आहे. ती नीट आहे ना? तू आई आहेस, विचार तिला.

उत्तर लवकर धाड. लोभ आहेच.

शोभाताई


महाड,
२२ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न.

मीठ ट्रंकेतलं असेल. जुन्या घरात भिंतींनाही मीठ फुटायचं, आठवतं ना? असं लिहिते खरं, पण ट्रंक मी स्वतः दोन दिवस उन्हात ठेवली होती आणि शालू कोरडा खडखडीत होता.

भाविकाला मेसेज टाकून विचारलं. तिने दोन ओळींत कळवलं की सगळं ठीक आहे. ठीक आहे म्हणते तर ठीकच असणार. पत्रिका वाटून झाल्या, केळवणं सुरू झाली, आता मागे वळायला जागा कुठे आहे? तुझं पत्र मी ह्यांना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर म्हणाले असते, दोघी बहिणींना एकदमच वेड लागलं.

काहीही कर, पण नऊवारी पुरी कर. आणि देवापाशी दिवा लाव. तुझ्या मायेवरच भिस्त आहे.

रेवा


पनवेल,
१ डिसेंबर २०२४

चि. रेवास,
अ. आ.

हे पत्र महाडच्या गाडीच्या कंडक्टरपाशी देते आहे. तुझ्याच हातात द्यायचं असं त्याला बजावलं आहे. तुझ्या यजमानांना फोन करता आला असता, पण स्थळ त्यांनी आणलेलं, आणि हे आधी तू वाचावंस.

आज नऊवारी भाविकाला अगदी मापात बसली. मी एक टाका हलवला नव्हता. म्हणून तिलाच टाचेपासून डोक्यापर्यंत टेप लावला. पाच फूट दोन. दुसऱ्यांदा लावला. तेवढंच. ब्लाउजची बाही टाचायला दंड धरला तर त्यावर चार बोटांचे वळ, काळेनिळे. मी विचारलं. ती आरशातून माझ्याकडे बघत होती. म्हणाली:

"शोभे, मना नाय करायचं लगीन. तू आयला सांग."

भाविका तुमच्या महाडात वाढली, तिला आपल्या गावची बोली येत नाही. आणि मला शोभे म्हणणारं माणूस पस्तीस वर्षांपूर्वी गेलं.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. गोदूताईने हेच शब्द मला सांगितले होते. मी विहिरीवर कपडे धूत होते. लग्नाआधी सगळ्याच मुली असं म्हणतात, असं म्हणून मी हसले आणि आईला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ती बांधावर गेली. सगळे म्हणाले पाय घसरला. मीही म्हणाले.

नऊवारी उतरवल्यावर भाविका पुन्हा होती तेवढी झाली. आपण काय बोललो ते तिला आठवत नव्हतं. मी तिचेच शब्द तिला सांगितले, तशी ती रडत रडत सगळं बोलली. प्रणित तिचा मोबाईल काढून घेतो, कुणाशी बोललीस म्हणून विचारतो, आणि मागच्या आठवड्यात त्याने हात धरला तो असा. पत्रिका वाटल्या आहेत, आता आईला कोणत्या तोंडाने सांगू, असं म्हणाली. हल्ली खाडीच्या पुलावर जाऊन उभं राहावंसं वाटतं, हेही म्हणाली.

तेव्हा मी आईला सांगितलं नाही. आज भाविकाच्या आईला सांगते आहे. तिला हे लग्न करायचं नाही.

शोभाताई


महाड,
२ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न.

कंडक्टर परत निघायच्या आत हे लिहिते आहे, तो बाहेर थांबला आहे.

गोदूताईने मलाही सांगितलं होतं. मी अकरा वर्षांची. तिने मला चिंचेचा गोळा दिला आणि म्हणाली, आयला सांग. मी चिंच खाल्ली आणि खेळायला गेले. तिने फक्त मलाच सांगितलं असेल असं समजून मी पस्तीस वर्षं गप्प बसले. तुला एका शब्दाने बोलले असते तर दोघींचं ओझं निम्मं झालं असतं.

ह्यांना आत्ताच सांगितलं. त्यांनी पत्रिका, हॉल, अब्रू, सगळं काढलं. मी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि त्यांना बोलू दिलं. दमल्यावर मी सांगितलं की उद्या पहिल्या गाडीने मी पनवेलला जाते आणि तिथून पळस्प्याला जाऊन नकार देऊन येते, तुम्ही यायचं तर या. ते आता कोपऱ्यात बसून चपला पुसत आहेत.

मी येईपर्यंत भाविकाला एकटी सोडू नकोस. आणि तिला सांग, आईला कळलं. शालू जवळ असताना सांग, म्हणजे दोघींना ऐकू जाईल.

आता माया मागत नाही, ताई. दार उघडं ठेव.

तुझी,
रेवा